खड्याची साल

पहाटे चारला इतवारी तलांडीचा दिवस सुरू व्हायचा. खाणीचा भोंगा पाचला वाजे, पण भोंग्यावर उठणाऱ्याचं बत्तीघरात काम नव्हतं. पाळी सहाला खाली उतरायची. त्याआधी एकेक बत्ती उघडायची, काच पुसायची, जाळी झटकायची, बुडातल्या कापसात तेल मुरवायचं, वात कातरायची, पेटवून ज्योत बघायची आणि शिशाची कडी ठोकून बत्ती बंद करायची. सगळं हाताचं काम. घाई केली की काच तडकते, रेंगाळलं की पाळी खाणीच्या तोंडाशी खोळंबते. इतवारीच्या हातून दोन्ही कधी झालं नाही.

खाण चांद्याकडची, वर्धा नदीच्या काठची, लहानशी. इतवारी तिथला नव्हता. अहेरीच्या पलीकडे, सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याशी त्याचा टोला, म्हणजे जंगलातली लहान वस्ती. तारुण्यात तो जंगलात सागवान तोडायला जायचा. एकदा पडतं लाकूड फिरलं आणि त्याचा डावा घोटा मोडला. हाड वाकडं बसलं. तोडीचं काम सुटलं. ओळखीच्या मुकादमाने त्याला खाणीवर आणलं, पण असा घोटा घेऊन कुणाला खाली उतरवत नाहीत. म्हणून बत्तीघर. बसून करायचं काम, असं लोक म्हणत. ज्यांनी ते केलं नाही तेच असं म्हणत. पाळी उतरेपर्यंत त्याच्या बोटांची पेरं सुजायची, डोळ्यांत तेलाचा धूर साचायचा.

बत्तीघरात दुसरं माणूस रंभाबाई. काचा पुसणारी. नवरा खाणीत छत कोसळून गेला, त्याच्या जागी तिला वर काम मिळालं. तोंडाची सैल, हाताची पक्की.

इतवारीच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ कोलू खाणीवर आला. आईबाप नव्हते, दुसरं जायचं कुठं? अंगाने सडसडीत, सदा हसत असे. त्याला सगळ्यात खालच्या पंपावर नेमलं. खाण उतरत्या बोगद्यांची होती. तळाशी पाणी जमायचं. ते पंपाने वर ओढून नाल्यात टाकावं लागे. पंपाच्या नळाला पुढे जाळी असते, तिला कोळशाचा गाळ चिकटतो. तो हाताने सारखा काढत राहावा लागतो. जाळी बुजली की पंप कोरडा पडतो. एवढंच कोलूचं काम, पण पाळीभर, गुडघाभर पाण्यात, एकट्याने. खालच्या कामांवर देखरेख करणारा सरदार फेरीवर मधूनच येऊन जाई, तेवढाच. विजेचे दिवे तिथं टिकत नसत. छतातलं पाणी तापल्या काचेवर पडलं की दिवा फुटे. त्यामुळे कोलूला उजेड म्हणजे इतवारीने दिलेली बत्ती, दुसरा नाही.

ही बत्ती साधी नव्हे. पितळेचं बूड, वर जाड काच, काचेवर तारेच्या जाळीच्या टोप्या. खाणीत पेट घेणारा वायू असला तरी ज्योत जाळीबाहेर येत नाही. आणि तळाशी दुसरी एक हवा जमते, जड, बिनवासाची. तिच्यात श्वास चालत नाही आणि ज्योतही जगत नाही. बत्ती मंद झाली की माणसाने ओळखावं आणि वर निघावं. म्हणजे बत्ती उजेडही देते आणि हवाही सांगते.

खाली ती उघडता येत नाही, कडी ठोकलेली असते. आगपेटी नेली तर तोंडाशीच झडतीत सापडते. मग धक्का लागून बत्ती विझली तर? त्यासाठी बुडात एक बारीक नळी. नळीत भाताच्या दोन दाण्यांएवढा खडा, खड्यामागे स्प्रिंग, पुढे दातेरी चाक. बाहेरून किल्ली फिरवली की चाक खड्यावर घासतं, ठिणग्या उडतात, वात पेटते.

खडा म्हणायचं, पण तो दगड नव्हे, धातू. चाकूने खरवडला की आतून चांदीसारखा निघे. इतवारी बघत राही. बघता बघता चकाकी जायची. आधी पिवळसर, मग पारव्याच्या गळ्यावर असतो तसा निळा-जांभळा, मग काळपट. उन्हाळ्यात गोष्ट तिथंच थांबायची. काळपट खडा चाकाला लागला की ठिणगी देई. पावसाळ्यात मात्र थांबत नसे. काळ्यावर हिरवट पांढरी साल चढे, फुगे, तडके आणि पीठ होऊन गळे. खाली उघडा पडलेला धातू पुन्हा साल धरी. घरच्या तव्यावर काळा थर चढतो तो तव्याला चिकटून बसतो, खालचं लोखंड जपतो. खड्याची साल खड्याला धरतच नव्हती. तांदळाला सोंडकिडा लागावा तसा खडा आतून सरायचा.

खाणीच्या सामानाच्या दुकानाचे बाबू गुणवंतराव मॅट्रिक झालेले. खडे त्यांच्या ताब्यात. कलकत्त्याहून मेणाने बंद केलेल्या डबीत यायचे. डबीवरचं त्यांनी एकदा वाचून दाखवलं होतं.

"सीरियम म्हणतात याले. दुर्मिळ मातीतला धातू हाय, लोखंडात मिसळला. मातीतून काढला ना, म्हून मातीत जायची घाई हाय त्याले."

"मंग थांबवाचं कसं, बाबू?"

"हवा लागू नाई द्याची. पाणी लागू नाई द्याचं."

"चांद्याच्या पावसाळ्यात?"

गुणवंतराव हसले. "मी कागदावरचं सांगतो, इतवारीभाऊ. पावसाले तूच सांग."

नवे पैसे निघाले त्या वर्षीचा पावसाळा मोठा होता. मृगापासून झड लागली ती उघडीपच देईना. त्या वर्षी डबी आली तीच मेण फुटलेली. वरचे खडे आधीच पांढरे. गुणवंतरावांनी लगेच कलकत्त्याला कळवलं. उत्तर आलं की परदेशी मालाची तंगी आहे, आहे ते जपून वापरा. त्यांनी डबी इतवारीच्या हातात ठेवली.

"आता दुकानात एक बी नाई. सांभाळ बाबा."

सांभाळायचं म्हणजे काय, याचा इतवारीने विचार केला. तेलात बुडवून पाहिले. तेलात साल चढेना, पण तेलकट खड्यावरून चाक घसरे, ठिणगी निघेना. पुसून काढला तरी चाकाच्या दातांच्या फटीत तेल राही. ते सोडलं. मग त्याला गावची रीत आठवली. टोल्यावर बियाणं राखेत ठेवतात. दुधीचा वाळका तुंबा घ्यायचा, धावड्याच्या लाकडाची चाळलेली राख भरायची, त्यात मक्याचं, वालाचं बी पुरून तोंड शेणाने लिंपायचं. पावसाळाभर बियाला ओल लागत नाही, कीड लागत नाही. आजोबाच्या आधीपासून चालत आलेलं. बियाला जे राखतं ते खड्याला का राखणार नाही?

त्याने रविवारी नदीपलीकडून धावड्याची वाळकी फांदी आणली, जाळली, राख फडक्यातून दोनदा गाळली. बाजारातून तुंबा आणला. खडे एकेक पुसून राखेत पुरले. तुंबा बत्तीघराच्या फळीवर ठेवला.

रंभाबाई काच पुसता पुसता बघत होती.

"खडे पेरून राह्यला का गा, इतवारीभाऊ?"

"जपून राह्यलो."

"उगवले तं एक रोप मले बी देजो. दारात लावीन. रात्री घासलेट वाचंल."

कोलू बत्ती घ्यायला आला होता. तो म्हणाला, "काकी, तुह्या दारात ठिणग्या लागल्या तं चाळ पेटंल ना."

"पेटू दे. तुही बायको आली की नवी बांधून देजो."

"बायको कोण देते मले? पाण्यातला बेंडूक मी."

"बेंडकीच पाहू मंग," रंभाबाई म्हणाली, आणि कोलू हसत उतरला.

पहिले काही आठवडे राखेने साथ दिली. इतवारी रोज हवे तेवढे खडे काढी. काळपट असत, पण कोरडे. त्याला बरं वाटलं. एक काम तरी मनासारखं झालं. तुंबा सारखा उघडला तर हवा शिरेल, म्हणून त्याने बत्त्यांत नवे खडे भरले आणि तुंब्याचं तोंड मेणाने बंद केलं. आता हे झिजेपर्यंत हात लावायचा नाही.

श्रावणात खडे झिजले. कोलूच्या बत्तीचा तर पुरता संपला होता. खालची ओल सगळ्यात जास्त, आणि पाणी उडून बत्ती विझली की कोलूला वारंवार किल्ली फिरवावी लागे. त्या पहाटे इतवारीने तुंब्याचं मेण खरवडलं आणि फळीवर तुंबा उलटा केला. राख पडली नाही. आपटला तेव्हा ओला गोळा निघाला, हाताला साबणासारखा बुळबुळीत. गोळा फोडला. आत खड्यांच्या जागी हिरवट पांढरे दाणे. बोटांत धरले की पीठ होत होते.

त्याने सगळा गोळा चिवडला. काही खड्यांच्या पोटात अजून धातू होता, सुईच्या नेढ्यातून जाईल एवढा. बाकी माती.

रंभाबाई शेजारी येऊन उभी राहिली. या खेपेला ती हसली नाही.

"गावी बी असं होते का गा?"

"नाई. गावी तुंबा चुलीवर टांगून राह्यते. धूर लागते त्याले, वर्षभर..."

त्याने फळीमागच्या भिंतीवर हात ठेवला. बत्तीघरात चूल नव्हती. तेलाच्या घरात विस्तव करायला मनाई होती. तुंबा त्याने फळीवर ठेवला होता, भिंतीला लावून, आणि भिंत पावसाने आतपर्यंत झिरपत होती. चुलीवर राख कोरडी राहते. चूल नसली तर राखच ओल ओढते.

बसून राहायला वेळ नव्हता. त्याने उरलेल्या खड्यांचे गाभे निवडले. चाकूच्या टोकाने साल काढायची, दाब जास्त झाला तर गाभाच मोडतो, कमी झाला तर साल राहते. श्वास रोखून तो खरवडत होता. हाती लागले ते मोजक्याच बत्त्यांना पुरणारे. सगळ्यात जाड त्याने कोलूच्या बत्तीत घातला. किल्ली फिरवली. ठिणगी उडाली, वात धरली. विझवली, पुन्हा फिरवली. पुन्हा धरली.

मग तो गुणवंतरावांच्या दारी गेला. ते नुकते उठले होते, खांद्यावर पंचा, तोंडात दातवण.

"बाबू, खडे गेले. सारेच. माह्या हातानं गेले."

गुणवंतरावांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं इतवारीला वाटलं.

"दुकानात नाईत, तुले माहीतच हाय. आज पुन्हा तार करतो."

"आजच्या पाळीचं काय?"

"पेटून राह्यल्या ना बत्त्या?"

"पेटून राह्यल्या. पण खाली विझल्या तं..."

"साहेबाले विचारतो." ते पंचा टाकून गेले. परत आले ते मान हलवत. "पाळी थांबवता येत नाई म्हणते. पंप बंद ठेवला तं दुपारपर्यंत तळ बुडते. पेटते ती बत्ती द्या, म्हणते."

साहेबाचं चुकीचं होतं असंही नाही. पंप थांबला असता तर तळाचे बोगदे पाण्याखाली गेले असते आणि तिथली माणसं महिनाभर घरी बसली असती. कुणालाच दुसरी वाट दिसत नव्हती.

सहाला कोलू आला. इतवारीने बत्ती त्याच्या हाती दिली, पण सोडली नाही.

"आज नको जाऊ. अंग दुखते म्हण."

"काऊन?"

"खडा बारीक हाय. माह्यानं राखण झाली नाई."

"पाणी थांबते का, दादा? मी नाई गेलो तं दुसऱ्याले पाठवतीन. त्याच्या बत्तीत का मोठा खडा हाय?"

इतवारीने बत्ती सोडली.

"आयक मंग. बत्ती विझली अन् किल्लीनं पेटली नाई, तं घाबरू नको. खडाच गेला समज. अंधारात उठून चालू नको, जुन्या बोगद्यात शिरशीन. पंपाच्या ओट्यावर बसून राह्य. सरदार फेरीले येते, त्याच्या उजेडानं वर ये."

"बसून राहीन."

"हलू नको."

"नाई हलत ना, दादा. बेंडूक हलते का?" कोलू म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

सल्ला योग्य होता. अंधारात चालण्यापेक्षा बसणं बरं, हे खाणीत सगळेच सांगतात. पण चांगला खडा असला की माणसाला एक गोष्ट कळते. ठिणगी उडाली आणि वात धरत नाही, म्हणजे हवा खराब, पळ. ठिणगीच उडाली नाही, तर हवा खराब की खडा खराब, हे कळायला काही साधन उरत नाही. हे इतवारीला त्या वेळी सुचलं नाही. पाळी उतरून गेल्यावर, रिकाम्या फळ्या पुसताना सुचलं. तेव्हा हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर कोलू नव्हता.

बत्तीघराच्या दारातून पंपाच्या नळाचं तोंड दिसायचं. तळातलं पाणी तिथून नाल्यात पडे. रोजचं होतं, इतवारीने कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी तो दारातच काम घेऊन बसला. जाळ्या झटकायच्या आणि बघायचं. पाण्याची धार मांडीएवढी होती, काळी. धार आहे म्हणजे जाळी साफ होते आहे. जाळी साफ होते आहे म्हणजे कोलूचे हात चालले आहेत.

जेवणाच्या वेळेच्या सुमारास धार दंडाएवढी झाली.

"पाणी कमी दिसून राह्यलं का तुले?" त्याने रंभाबाईला विचारलं.

ती दाराशी आली. पदराने डोळ्यांवर आडोसा करून बघितलं. "पाऊस दिसते मधात."

थोड्या वेळाने धार मनगटाएवढी झाली. मग तुटक पडायला लागली. मग नळाने दोनदा हवा ओकली आणि थांबला.

इतवारी वाकड्या घोट्याने जेवढं पळू दिलं तेवढं पळाला. खाणीच्या तोंडाशी मुखरू मुकादम होता, झडती घेणारा.

"सरदार खालच्या पंपाकडे गेला का?"

"तिसऱ्या बोगद्यात छत खाली आलं ना सकाळी. थो तिथीच हाय. काऊन?"

"पंप बंद पडला. मले जाऊ दे."

"तुले? तुह्या पायानं?"

"भाऊ हाय माहा खाली."

मुखरूने दोन्ही हात पसरून वाट अडवली. आवाज मात्र मऊ होता. "इतवारी, तू खाली गेला तं शोधणाऱ्याले बत्त्या कोण देईन? परत जा. बत्त्या पेटव. मी मानसं काढतो."

त्याला परत जावं लागलं. खाली जायला त्याच्याइतकं उतावीळ कुणी नव्हतं आणि वर त्याच्याशिवाय चालणार नव्हतं. त्याने बत्त्या घेतल्या. वात कातरताना ज्योत वाकडी निघाली, पुन्हा कातरली. वाकडी ज्योत काच काळी करते, आणि काळ्या काचेत हवेचा अंदाज येत नाही. रंभाबाईने न सांगता काचा पुढे केल्या. माणसं आली. इतवारीने प्रत्येकाला एकच सांगितलं.

"खड्याच्या भरवशावर राहू नका. जोडीनं जा. एकाची विझली तं दुसऱ्यानं मागं फिराचं."

मग तो दारात उभा राहिला. नळाचं तोंड कोरडं होतं. त्याला काही करायचं उरलं नव्हतं. त्याने पुसलेल्या फळ्या पुन्हा पुसल्या.

कोलूला वर आणलं तेव्हा तो जिवंत होता. पंपापाशीच सापडला, ओट्यावर भिंतीला टेकून बसलेला. हलला नव्हता. बत्ती मांडीत होती. शोधायला गेलेल्यांच्या बत्त्या तिथं जेमतेम कमरेच्या उंचीवर मंद झाल्या होत्या. जड हवा पाण्यासारखीच तळातून चढत आली होती. बसलेल्या माणसाच्या नाकापर्यंत ती आधी पोचते. उभा असता, चालत असता, तर कदाचित... पण हे कदाचित कुणी इतवारीला बोलून दाखवलं नाही.

कोलूला खाणीच्या गाडीतून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. बत्ती बत्तीघरात आली. कडी शाबूत होती. इतवारीने ती तोडून बूड उघडलं. किल्लीवर वाळलेलं रक्त होतं. कोलूने ती इतक्या वेळा फिरवली होती की अंगठ्याचं कातडं निघालं होतं. नळीत खडा होता, संपलेला नव्हता. त्याच्यावर चढलेली हिरवट पांढरी साल फुगून नळीत घट्ट बसली होती. स्प्रिंग मागून ढकलत होती आणि खडा पुढे सरकत नव्हता. चाक नुसतं रिकामं फिरत होतं. राखेचा जो अंश गाभ्याच्या भेगांत राहिला, त्याने खालच्या ओलीत आपलं काम पाळीभरातच केलं होतं.

चौकशी झाली. मोठे साहेब आले, बत्ती फिरवून पाहिली. बत्ती नियमाप्रमाणे बंद होती, निघताना पेटत होती, सरदार छताच्या कामात होता, खड्यांची मागणी वेळेवर गेली होती. दोष कुणाचाच निघाला नाही. इतवारीने उभं राहून सांगितलं, "राख मीच भरली, साहेब." साहेबांनी ते नीट ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मलाही सांगता येत नाही." त्याने इतवारीला काही हलकं वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी खडे आले. मेण शाबूत, डबी कोरडी. गुणवंतरावांनी स्वतः आणून दिले. आभाळ तेव्हा निरभ्र होतं. इतवारीने सगळ्या बत्त्यांत भरले. सगळे पहिल्या फेरीला पेटले.

कोलू दवाखान्यातून आला तो चालत आला, जेवू लागला, हाक मारली तर बघे. पण बोलणं तुटलं होतं. शब्द सुरू करी आणि मधेच विसरे. बोटांत कंप राहिला. रंभाबाई येता-जाता म्हणे, "काय रे बेंडका?" तो तिच्याकडे बघे. हसायचं असतं हे आठवत असावं, पण जमत नसे. आणि अंधार त्याला चालेना. दिवस मावळला आणि चाळीत काळोख झाला की तो भिंतीला टेकून बसे आणि उजवा अंगठा फिरवत राही, हातात काही नसताना. दिवा लावला की अंगठा थांबे. दिवा विझला की पुन्हा सुरू. झोपेतसुद्धा दिवा गेलेला त्याला कळे.

इतवारीने आणखी काही वर्षं बत्तीघरात काढली. दिवसा रंभाबाईची सासू कोलूकडे बघे. साहेबांनी त्याला पंपाऐवजी वर झाडलोटीचं काम द्यायचं म्हटलं, पण झाडू त्याच्या हातात राहत नसे. इतवारीने पगार साठवला. चैनीचा माणूस तो नव्हताच. मग घोटा पहाटे उभं राहू देईना तेव्हा त्याने काम सोडलं आणि भावाला घेऊन टोल्यावर परतला.

टोल्यावर चुलीचा विस्तव असतो. त्याच्या उजेडात गाव झोपतं. कोलूला तो पुरला नाही. विस्तव खालीवर होतो, राखेखाली जातो. त्याला काचेमागची, न हलणारी ज्योत हवी होती. इतवारीने कंदील घेतला. काच तो रोज पुसे, वात रोज कातरे, बत्तीघरात कातरायचा तशीच सरळ. सवय होती. संध्याकाळी पेटवलेला कंदील उजाडेपर्यंत जळे. असं घासलेट टोल्यावर कुणी जाळत नव्हतं. सणालाही नाही.

घासलेट अहेरीच्या आठवडी बाजारात मिळे. जायला दिवस, यायला दिवस, वाटेत ओढे. कावडीच्या दोन टोकांना दोन डबे, आणि डबे हिंदकळले की वाकड्या घोट्यावर भार. तो दर काही बाजारांनी जायचा. बत्तीघराचा सगळा पगार असाच गेला. शेताचा तुकडा घेतला नाही, बैल घेतला नाही, घरावरचं गवत काढून कौलं घातली नाहीत.

एकदा अहेरीच्या दुकानदाराने डबे भरता भरता विचारलं, "एवढं तेल कायले लागते गा तुले? घरी लगन हाय का?"

"नाई," इतवारी म्हणाला. "भाऊ झोपते."

दुकानदाराला नीट कळलं नसावं. त्याने डबे काठोकाठ भरून दिले. इतवारीने त्यांची तोंडं फडक्याने आवळली, पैसे दिले आणि कावड खांद्यावर घेतली.